पुढची शिट्टी

माझी बायको स्वयंपाकघरात बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या परातीत तोंड बुडवून उभी होती, नेमका तेव्हाच फलटणहून विहीणबाईंचा फोन आला.

"ताई काय करतायत?" त्यांनी विचारलं.

मी परातीकडे पाहिलं. पाण्यावर बर्फाचे खडे तरंगत होते आणि त्यांच्यामधून वृंदाचे कान तेवढे दिसत होते.

"तोंड धुतेय," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. कराडच्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवत असे, आणि खोटं न बोलता खरं टाळणं हा त्या विषयाचा मला सापडलेला एकमेव व्यवहारी उपयोग आहे.

"मग ऐका सर. रविवारी आम्ही दोघं येतो. जेवायलाच येतो. केतकीला सातवा लागला. तिला बाळंतपणाला कराडला पाठवायची का हितंच ठेवायची, ते एकदा समोरासमोर बसून ठरवू. घर बघू, ताईंना बघू."

'ताईंना बघू' म्हणताना त्यांचा आवाज थोडा खाली आला. दवाखान्यात कुणाला बघायला जाताना येतो तसा.

"या की," मी म्हणालो.

"आणि तुमच्याकडं कुकर नाही म्हणं? केतकी बोलून गेली. बाळंतिणीला मऊ भात लागतो. कसा करणार?"

"आहे की. बिघडलाय."

हे मात्र खोटं होतं, आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगण्यासाठीच ही गोष्ट आहे.

वृंदानं पाण्यातून तोंड वर काढलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता, भुवयांवरून पाणी गळत होतं. "कोण होतं?"

"विहीणबाई. रविवारी जेवायला येतायत. केतकीचं ठरवायला."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, श्वास भरून घेतला आणि पुन्हा परातीत तोंड बुडवलं.

*

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे यात चर्चा करण्यासारखं काही नसतं. मुलगी सातव्यात आईकडे येते, आई तिला खाऊ घालते, रागावते, तेल लावते आणि एक दिवस तिच्या मांडीवर बाळ देते. आमच्या बाबतीत चर्चा करायची वेळ आली ती एका डब्यामुळे.

त्याच्या दोन वर्षं आधी वृंदा मुलींच्या एका शाळेत गृहविज्ञान शिकवत होती. प्रात्यक्षिकाच्या तासाला कुकर फुटला. झाकणानं छतावरच्या पंख्याचं पातं वाकवलं, आणि रेश्मा नावाच्या एका विद्यार्थिनीचा डोळा गेला. वृंदाला ओरखडाही आला नाही. चौकशी झाली. दोष कुकरला देण्यात आला, आणि कुकरनं आपली बाजू मांडली नाही. वृंदानं नोकरी सोडली. आमच्या घरातला कुकर मी भंगारात दिला.

पण कॉलनीतले कुकर कुठं देणार? अकराच्या सुमाराला कुणाकडे तरी शिट्टी व्हायची. वृंदा हातातलं काम सोडून उभी राहायची. चेहरा पांढरा पडत जायचा. मग थोड्या वेळानं काहीतरी फुटायचं. कप, बरणी, एकदा आरसा. काही फोडायला सापडलं नाही तर ती स्वतःच्या मनगटाला चावायची. नंतर तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि म्हणायची, "मला इथून कुठंतरी नेऊन सोडा."

मी माझ्या पद्धतीनं विचार केला. शिट्टी हे कारण, भीती हा परिणाम. कारण दूर केलं की परिणाम उरत नाही. त्यामुळे शिट्टी ऐकू आली रे आली की मी चपला न घालता शेजारी धावायचो. "वहिनी, जरा गॅस बंद करता?" घोरपडे वहिनी बिचाऱ्या लगेच बंद करायच्या. मी परत येईपर्यंत आमच्याकडे काचा पडलेल्या असायच्या. माझा उपाय वेळेत पोहोचत नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि पळण्याचा वेग वाढवला.

या फोनच्या आधीच्या दिवाळीत केतकी आणि जावई आले होते. केतकीला नुकतेच दिवस गेले होते. घोरपड्यांकडे शिट्टी झाली, मी धावलो, आणि माझ्या पाठीमागं वृंदानं हातातला चकल्यांचा डबा फेकला. तो केतकीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर दाराच्या चौकटीला लागला. मी आलो तेव्हा केतकी ओठ घट्ट मिटून, गुडघ्यांवर बसून खोलीभर पसरलेल्या चकल्या गोळा करत होती, आणि जावई तिच्या आणि वृंदाच्या मध्ये उभे होते. नुसतेच उभे होते. पण मध्ये.

ते त्याच दुपारी गेले. भाऊबीज राहून गेली.

*

तन्वी मॅडमचा पत्ता वृंदानं स्वतः शोधून काढला. त्या मानसोपचार करायच्या आणि दर शनिवारी साताऱ्याहून येऊन कराडात एक वर्ग घ्यायच्या. भावना अनावर झाल्या की काय करायचं, याची कौशल्यं शिकवण्याचा वर्ग. तो भरायचा एका मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत, कारण मुहूर्त नसेल त्या दिवशी ती स्वस्तात मिळायची. आरशावर कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींनी चिकटवलेल्या टिकल्या तशाच होत्या. त्यांच्यासमोर आम्ही खुर्च्यांचं रिंगण करून बसायचो. प्रत्येकानं घरातलं एक माणूस बरोबर आणायचं, असा नियम होता. वृंदाच्या घरात निवडायला एकच माणूस होतं.

तन्वी मॅडम आमच्या केतकीच्या वयाच्या. त्या सांगायच्या, तोंड गार पाण्यात गेलं की शरीराला वाटतं आपण बुडी मारलीय, आणि ते हृदयाला सांगतं, जरा दमानं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मुठी वळल्या तर उघडायच्या, तळवे वर करून ठेवायचे. समोर जे आहे त्याचं नुसतं वर्णन करायचं, बरंवाईट ठरवायचं नाही. आणि भीती म्हणाली पळ, आणि पळण्यासारखं खरंच काही नसलं, तर पळायचं नाही. उभं राहायचं.

सोबत्यांनाही घरचा अभ्यास असायचा. मला हलकं हसू दिलं होतं. ओठांचे कोपरे किंचित वर, दिवसातून थोडा वेळ. मी ते स्टाफरूममध्ये करायचो. आठवड्याभरानं प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "तुमच्या कानावर माझ्याबद्दल काही आलंय का?"

एकदा मात्र मी वर्गात हात वर केला. मॅडम म्हणत होत्या, की दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माणूस आहे तसा ठीक असतो, आणि त्याला बदलायलाही हवं असतं.

"हे शक्य नाही," मी म्हणालो. "मी हा विषय शिकवतो."

"सर, तुम्हाला इथं यायला आवडतं?"

"नाही."

"मनापासून येता?"

मी वृंदाकडे पाहिलं. "येतो."

"बसा," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. वृंदाही हसली. तिला हसताना मी इतक्या दिवसांनी पाहत होतो, की वादात हरल्याचं मला घरी आल्यावर आठवलं.

*

विहीणबाईंचा फोन आल्यावर मी कामाला लागलो. कॉलनीत दारोदार फिरलो. रविवारी अकरा ते दोन कुणी कृपया कुकर लावू नये.

"कुणी गेलं का?" घोरपडे वहिनींनी तोंडावर हात ठेवून विचारलं.

"कुणी गेलं नाही. येणारेत."

निवृत्त तलाठी सुतार म्हणाले, "म्हणजे डाळ पातेल्यात शिजवायची? आमच्या हिचं काय म्हणणं पडेल ते मी आत्ता सांगू शकत नाही." आतून त्यांच्या हिचा आवाज आला, "सर, तुम्ही निवांत जा. आम्ही रविवारी मिसळ आणतो."

कुणी कारण विचारलं नाही. दोन वर्षं त्यांनी आमच्याकडच्या फुटणाऱ्या कपांचे आवाज ऐकले होते. विचारायचं असतं तर तेव्हाच विचारलं असतं.

शनिवारी वृंदाला हे समजलं. वहिनींनीच वाटेत सांगितलं. "तुम्ही काळजी करू नका हो, आम्ही पोहे करणार."

ती घरी आली आणि खुर्चीवर बसली. "सगळ्यांचे कुकर बंद केलेत?"

"फक्त अकरा ते दोन."

"मला विचारलंत?"

"तुला शांतता मिळावी म्हणून..."

तिच्या मुठी वळल्या. मी सवयीनं टेबलावरची फुलदाणी उचलून काखेत धरली. तिनं ते पाहिलं. मग एकेक बोट सोडवल्यासारखे तिनं हात उघडले, तळवे वर करून मांडीवर ठेवले, आणि बराच वेळ नुसता श्वास सोडत राहिली.

"मला शांतता नकोय हो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आत्ता सांगायला गेले तर ओरडेन. ओरडायचं नाहीये. नंतर सांगेन."

मी फुलदाणी परत जागेवर ठेवली. 

*

रविवारी अकरा वाजले आणि कॉलनीत अशी शांतता पसरली, की सुतारांच्या गच्चीवरची कबुतरं चालताना त्यांच्या नख्या वाजत होत्या. मला स्वतःचा अभिमान वाटला. वृंदा मात्र पांढरीफटक होती. भाकऱ्या थापता थापता मध्येच थांबून ती खिडकीकडे कान द्यायची.

"काही आवाज येतोय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तेच."

विहीणबाई आणि त्यांचे यजमान दादासाहेब साडेबाराला आले. दादासाहेब म्हणजे उंच, गप्प माणूस. उसाचा विषय निघाला की बोलायचे, संपला की थांबायचे. विहीणबाई त्यांच्या वाटणीचंही बोलायच्या. त्यांच्या एका हातात डाळिंबांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मोठं खोकं. ते खोकं त्यांनी सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"ताई, तुम्ही ह्यांना पाणी द्या. मी आत बघते. मला बसून राहायची सवय नाही."

वृंदा बाहेर आली. ताटं मांडू लागली. भरली वांगी, मटकीची उसळ, भाकऱ्या, आमटी, पातेल्यातला भात झाकून ठेवलेला. दादासाहेब मला यंदाच्या तोडणीबद्दल सांगत होते. आत कागद फाटल्याचा आवाज आला. मग नळ. मग लायटरचा खटका. दादासाहेबांची तोडणी संपत आली तरी विहीणबाई बाहेर येईनात.

"काय करताय हो आत?" वृंदानं विचारलं.

"काही नाही ओ! सर म्हणाले कुकर बिघडलाय, म्हणून नवाच आणला. केतकीला लागेल तसा मूठभर मऊ भात टाकून बघते. तुमचा पातेल्यातला राहू द्या संध्याकाळला."

वृंदाच्या हातातलं ताट जमिनीपासून वीतभर वर थांबलं.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बोलण्यासारखी एक-दोन वाक्यं होती, पण ती सगळी खरी होती, आणि खरं बोलायला जो जास्तीचा वेळ लागतो तेवढ्यात शिट्टी झाली.

मी उठलो. दोन वर्षांच्या सरावानं पाय आपोआप धावत सुटले.

"अहो!"

वृंदाचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण मी जागच्या जागी थांबलो.

"गॅसला हात लावू नका."

तिनं ताट खाली ठेवलं, नीट, आवाज न करता. माझ्या अंगावरून ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून दोन्ही मनगटं धारेखाली धरली, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मग भिंतीला पाठ न टेकता, ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. हात खाली सोडले आणि तळवे उघडले.

विहीणबाई भांबावल्या. "काय झालं ताई? माझं काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही इथं माझ्याजवळ या. ओट्याजवळ नको, इथं. मला थोडा वेळ बोलायचंय. नुसतं ऐका."

दादासाहेब दारात येऊन माझ्या शेजारी उभे राहिले होते.

वृंदा बोलू लागली. एकेक शब्द वेचून ठेवल्यासारखी.

"ओट्यावर कुकर आहे. नवा आहे. खाली निळी ज्योत आहे. माझे पाय गार पडलेत. छातीत धडधड होतेय. पहिली शिट्टी झाली. आता शांत आहे." ती थांबली. श्वास सोडला. लांब. "त्या दिवशी दोन शिट्ट्या झाल्या होत्या. मग शांत झालं. तिसरी होईना. मी फळ्यावर लिहीत होते. मी वळूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, रेश्मा, जा गं, बघ शिट्टी का होत नाहीये."

नळातून एक थेंब पडला. तो सगळ्यांनी ऐकला.

"ती लगेच उठली," वृंदा म्हणाली. "हुशार मुलगी होती. सांगितलं की लगेच उठायची."

तेव्हा कुठं मला समजलं. वृंदाला शिट्टीचं भय नव्हतंच. शिट्टी म्हणजे सगळं ठीक. भय होतं ते तिच्यानंतरच्या शांततेचं, पुढची शिट्टी येईल की नाही त्याचं. आणि दोन वर्षं, पहिली शिट्टी झाली की, मी अनवाणी धावत जाऊन पुढची बंद करत आलो होतो. आज तर मी अख्खी कॉलनी गप्प करून ठेवली होती.

कुकर गप्प होता. त्याच्याकडे आम्ही चार मोठी माणसं पाहत होतो.

वृंदाच्या गळ्याजवळची शीर उडत होती. साडीच्या निऱ्या हलत होत्या. ती पळाली असती तर कुणी तिला काही म्हटलं नसतं. बाजूला पाट्याचा वरवंटा होता, बरण्या होत्या, उलथनं होतं. तिचे हात उघडे होते.

"शिट्टीच्या खालून वाफ येतेय," ती म्हणाली. "बारीक येतेय. म्हणजे वाट मोकळी आहे. मला वाटतंय की हा फुटणार. वाटतंय ते खरं आहे. वाट मोकळी आहे तेही खरं आहे."

विहीणबाईंनी हळूच तिचा दंड धरला. वृंदानं धरू दिला.

मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय, एकदा खग्रास ग्रहणही पाहिलं. त्या सगळ्या वेळी मी, सुंदर आहे, असं म्हणून घड्याळाकडे पाहिलं होतं. त्या दिवशी माझ्या हातावरचे केस उभे राहिले. समोर एक बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर नुसती उभी होती, आणि याहून मोठं काही कुणी करत असेल असं मला वाटेना.

आणि शिट्टी झाली.

चांगली लांबलचक झाली. खिडकीच्या काचेवर वाफ धरली. वृंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती हलली नाही. "दुसरी," ती म्हणाली. मग पुन्हा ती शांतता, पुन्हा तो लांब श्वास. आणि मग तिसरी.

ती पुढं झाली आणि तिनं स्वतःच्या हातानं गॅस बंद केला.

*

ताटावर बसल्यावर विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत ग्रहणाइतकीच दुर्मीळ होती. वृंदा नव्या कुकरातला भात वाढायला आली.

"ताई," विहीणबाई म्हणाल्या, "दिवाळीतल्या डब्याचं मला ठाऊक आहे. पोरानं सांगितलं."

"मारला होता मी," वृंदा म्हणाली. "केतकीपासून हातभर अंतरावर. पुन्हा कधी तसं वाटणारच नाही, असं वचन मी देणार नाही. वाटलं तर काय करायचं ते शिकतेय. रोज करते. ह्यांना विचारा, बर्फ पुरत नाही."

"हात थरथरतोय तुमचा अजून."

वृंदानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वाढणीतला भात खरंच हलत होता.

"थरथरतोय," ती म्हणाली. "भात वाढू?"

विहीणबाईंनी ताट पुढं केलं. एक घास खाल्ला, बोटांनी शितं दाबून पाहिली. "मऊ झालाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "काय ओ, पोरीला कधी आणून सोडायची?"

दादासाहेब त्या दिवशी उसाव्यतिरिक्त पहिल्यांदाच बोलले. "ती म्हणंल तवा."

इतक्यात दोन वाजले. मी कॉलनीला दोनपर्यंतचीच मुदत दिली होती, आणि पोह्यांवर दिवस काढलेली माणसं तिचा शेवट व्हायची वाटच पाहत होती. आधी घोरपड्यांकडे शिट्टी झाली. मग पलीकडे. मग मागच्या ओळीतून दोन एकदम. मिसळ खाऊनही भूक राहिली असावी, कारण सुतारांचाही कुकर बोलला. एकाची थांबते तोवर दुसऱ्याची सुरू. विहीणबाई घास हातात धरून खिडकीकडे पाहायला लागल्या. "कराडला दुपारी असंच असतं का?"

वृंदा ऐकत होती. मान थोडी वाकडी करून, रिकामी वाढणी हातात घेऊन, एकेक मोजल्यासारखी. मग तिला हसू आलं. ते थांबेना. ती हसत हसत तिथंच पाटावर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

*

त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळे दिवस त्या रविवारसारखे गेले असं नाही. अधूनमधून आमच्याकडे कप कमी होतात, आणि फ्रीजमधला अर्धा कप्पा अजून बर्फाचाच आहे. विहीणबाईंच्या कुकरची रिंग कितीदा बदलून झाली. तो लावला की वृंदा त्याच्यापासून दोन पावलांवर, तळवे उघडे ठेवून, शेवटच्या शिट्टीपर्यंत उभी राहते. मी कॉलेजातून निवृत्त झालो, त्यामुळे बहुतेक वेळा शेजारी मीही असतो. गॅसला हात लावत नाही.

केतकीची मुलगी इथंच जन्मली. सुट्टीत येते तेव्हा तीही येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहते, इवलेसे तळवे वर करून, मोठ्यानं श्वास सोडत. भात असाच शिजवतात, अशी तिची समजूत आहे.

तिला अजून कुणी वेगळं सांगितलेलं नाही.